चौतिसाव्या वर्षी पिंपल्ससाठी कॅप्सूल: आयसोट्रेटिनॉइन घेतलेल्यांनो, मोकळेपणानं सांगा

मोगरा_३४ | ३ जुलै, रात्री १०:४०

गेल्या बुधवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्किनच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलं. २० मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर एक. त्याआधी रक्ताच्या तपासण्या आणि प्रेग्नन्सी टेस्ट करायची आहे. चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे, मी मेडिकलमध्ये गेलेले नाही.

पंधराव्या वर्षी कपाळावर चार पुटकुळ्या यायच्या. तेव्हा सगळ्या म्हणायच्या, लग्न झालं की जातील. गेल्याही. लेक झाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी परत सुरू झाल्या, पण या वेगळ्याच. जबड्याच्या कडेनं, हनुवटीवर, मानेवर. तोंड नसलेल्या, आत खोल गाठ असल्यासारख्या. कुशीवर झोपलं की उशी टोचते इतक्या दुखतात. पाळीच्या आठवडाभर आधी हमखास दोन-तीन नव्या. एक गेली की काळा डाग दोन-तीन महिने राहतो, आणि उजव्या गालावर आता खड्डे पडलेत.

सहा वर्षांत काय नाही केलं? मुलतानी माती, चंदन, कडुलिंबाचा पाला, पार्लरमध्ये दर महिन्याला क्लीनअप. एकदा मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा उजळला, मी खूश. तीन महिने लावली. बंद केल्यावर जे उठलं त्यानं दोन आठवडे शाळेत तोंडावर ओढणी घेऊन गेले. मी पहिलीला शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, ‘टीचर, तुम्ही पडलाय काय?’ त्याच्या मनात काही नव्हतं, पण मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

मागच्या वर्षी रीतसर डॉक्टर गाठले. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम तीन महिने, सोबत रात्री अडापालिनचं आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम. बराच फरक पडला. गोळी संपल्यावर मलमं चालूच ठेवली, तरी चार महिन्यांत सगळं परत. म्हणून आता ही कॅप्सूल.

सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे, तांबडा रस्सा बंद कर. आई म्हणते असल्या गोळ्यांनी पिशवीवर परिणाम होतो, पुढं मूल राहत नाही. आणि आम्ही दिवाळीनंतर दुसऱ्या बाळाचा विचार करणार होतो. खरी अडचण तीच आहे. कुणी घेतली असेल तर सांगा.

तिसरी_गल्ली | ३ जुलै, रात्री ११:२५

मी घेतली, एकतिसाव्या वर्षी, सात महिने. आज चार वर्षं झाली. क्वचित एखादी येते, डाग न सोडता जाते.

पहिला महिना वाईट होता. बऱ्या होण्याऐवजी वाढल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. नाहीतर तिथंच सोडून दिलं असतं. ओठ दुसऱ्या आठवड्यापासून फुटायला लागले. साधी पेट्रोलियम जेलीची डबी पर्समध्ये, उशाशी, स्वयंपाकघरात, सगळीकडं ठेव. नाकाचा आतला पडदा कोरडा पडून थेंबभर रक्त यायचं, तिथंही तीच जेली बोटानं लावायची. डोळे चुरचुरायचे. लेन्स वापरत असशील तर चष्म्यावर ये.

कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नकोस. हे औषध स्निग्ध पदार्थासोबत अंगी लागतं, कोरड्या पोटी घेतलं तर निम्मं-अर्धं वाया जातं. मी भाकरी, तूप आणि दूध घेऊन वर कॅप्सूल घ्यायचे. आणि वॅक्सिंग पूर्ण बंद. माझ्या एका मैत्रिणीनं कॅप्सूल चालू असताना वरच्या ओठाचं वॅक्स केलं, सालासकट कातडी निघाली. संपल्यावरही सहा महिने करायचं नाही.

रात्री लिहितेयस म्हणजे झोप लागत नाहीये. मला ती वेळ माहीत आहे.

मेडिकलचा_काउंटर | ४ जुलै, सकाळी ९:०५

ताई, मी फार्मासिस्ट आहे. ती ‘आठ दिवसांत उजळलं’ वाली ट्यूब बहुतेक स्टिरॉइडची असणार. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काहीतरी, कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत एकत्र. स्टिरॉइड सूज दाबतं, लाली जाते, कातडी पांढरट दिसते. आतून कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि थांबवलं की दाबलेलं सगळं एकदम वर येतं. २०१८ साली स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी काउंटरवरून जातात, हे मला माझ्या धंद्याबद्दल सांगताना वाईट वाटतं. घरात ट्यूब उरली असेल तर टाका, बहिणीला किंवा जावेला देऊ नका.

आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतीत दोन गोष्टी कुणी सांगत नाहीत. जुन्या डॉक्सीसायक्लिनच्या चार गोळ्या शिल्लक असतील तर त्या सोबत घ्यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र घेतल्या तर मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढू शकतो: जोराची डोकेदुखी, धूसर दिसणं, मळमळ. घशासाठी किंवा तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलात तर ही कॅप्सूल चालू आहे हे आधी सांगा. दुसरं, हे औषध अ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं आहे. केसांसाठी, नखांसाठी म्हणून ज्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या घेतात त्यांत अ जीवनसत्त्व असतं. त्या बंद.

आणि पहिली चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने परस्पर घेत राहू नका. माणसं घेतात. रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढचं पाकीट नको.

पन्हाळ्याची_वाट | ४ जुलै, दुपारी १:१५

माझा सूर वेगळा आहे, रागावू नका. माझ्या धाकट्या बहिणीला ही कॅप्सूल सोसली नाही. दुसऱ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४०० च्या वर गेलं, गुडघे आणि कंबर इतकी धरायची की जिना चढवेना. डॉक्टरांनी थांबवली. त्यानंतर रिपोर्ट पूर्ववत झाले हे खरं, पण त्या दोन महिन्यांत घरात सगळ्यांच्या जिवाला घोर होता. चेहऱ्यासाठी एवढं अंगावर घ्यायचं का, हा प्रश्न मला आजही पडतो.

तिसरी_गल्ली | ४ जुलै, दुपारी २:००

पन्हाळा, तुझ्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. तपासण्या म्हणूनच करायला लावतात, आणि तिच्या बाबतीत त्यांनीच वेळेवर धरलं. पण ‘चेहऱ्यासाठी एवढं’ हे मला पटत नाही. खड्डे पडले की कुठल्याही मलमानं भरत नाहीत. सहा वर्षं दुखणाऱ्या गाठी आणि दर हळदीकुंकवाला ‘अजून जात नाहीत होय गं?’ हे ऐकणं म्हणजे फक्त चेहऱ्याचा प्रश्न नाही. गुडघ्यासाठी कुणी गोळी घेतली तर आपण विचारत नाही, गुडघ्यासाठी एवढं का म्हणून.

पाळणा_आणि_पट्टी | ४ जुलै, संध्याकाळी ७:३०

मी सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर आहे. मोगरा, तुझ्या खऱ्या अडचणीवर मी बोलते.

गरोदरपणाचं आणि या औषधाचं नातं नीट समजून घे, कारण तुझी आई चुकीच्या गोष्टीला घाबरते आणि बरोबर गोष्ट राहून जाते. ही कॅप्सूल पिशवी खराब करत नाही. कोर्स संपवून एक महिना गेला की औषध शरीरातून गेलेलं असतं, पुढं दिवस राहायला त्याची आडकाठी नाही. पण कॅप्सूल चालू असताना किंवा संपल्यानंतरच्या त्या महिन्यात दिवस राहिले, तर बाळाच्या मेंदूला, हृदयाला, कानांना, चेहऱ्याच्या ठेवणीला गंभीर व्यंग येण्याची शक्यता फार मोठी असते. ‘कमी डोस आहे, चालतंय’ असं यात काही नाही. एका कॅप्सूललाही सुरक्षित म्हणत नाहीत. अमेरिकेत हे औषध १९८२ पासून आहे आणि तिथं २००६ पासून बाईची नोंदणी आणि दर महिन्याची प्रेग्नन्सी टेस्ट झाल्याशिवाय ते हातात देत नाहीत. आपल्याकडं तसली यंत्रणा नाही, म्हणून काळजी आपणच घ्यायची.

सुरू करण्याआधी टेस्ट. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल. पूर्ण काळ खात्रीचं गर्भनिरोधन, आणि नुसत्या ‘तारखा बघून’ वर विसंबू नकोस. तांबी किंवा गोळ्या आणि सोबत निरोध असं दुहेरी असेल तर उत्तम, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोल. पाळी चुकली तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हे नवऱ्याला समोर बसवून सांग, कारण ही जबाबदारी एकटीची नाही. अंगावर पाजत असतानाही चालत नाही. रक्तदान कोर्सभर आणि नंतर एक महिना नाही, तुझं रक्त कुठल्या गरोदर बाईला जाईल सांगता येत नाही.

चिंच_बोरं | ४ जुलै, रात्री ९:५०

मोगरा, पाळी नियमित येते का? हनुवटीवर जाड केस, वजन वाढणं, डोक्यावरचे केस विरळ होणं यांतलं काही आहे का? मला जबड्यावरच यायच्या आणि पाळी दीड-दोन महिन्यांनी. तपासल्यावर पीसीओएस निघालं, म्हणजे बीजकोशाचा हार्मोन बिघडल्याचा त्रास. टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स बघितली, सोनोग्राफी झाली. मला आयसोट्रेटिनॉइन नाही दिलं, स्पायरोनोलॅक्टोन दिलं. मुळात रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी, पण पुरुषी हार्मोनचा कातडीवरचा परिणाम अडवते. ५० पासून सुरू करून १०० मिलिग्रॅम.

याला धीर लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायकांवर याची चाचणी झाली, २०२३ साली बीएमजे या डॉक्टरांच्या मासिकात आली. बाराव्या आठवड्यात खरी गोळी आणि खोटी गोळी यांच्यात फारसा फरक नव्हता, चोविसाव्या आठवड्यात ८२ टक्के विरुद्ध ६३ टक्के जणींना सुधारणा वाटली. मी अडीच महिन्यांत कंटाळून सोडणार होते. डॉक्टरांनी थांबवलं म्हणून सहावा महिना बघायला मिळाला.

पण हीसुद्धा गरोदरपणात चालत नाही. लगेच बाळ हवं असेल तर अझेलाइक ॲसिडचं मलम आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एवढंच डॉक्टर सहसा ठेवतात. अडापालिनसुद्धा थांबवायला सांगतात.

शिरोलीचा_फिटर | ५ जुलै, सकाळी ६:५०

बायकांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना? मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, वय ३८. माझ्या दोन्ही दंडांवर आणि मांड्यांवर काळ्या तोंडाच्या पुटकुळ्या आणि फोड. तोंडावर एक नाही. मलाही हीच कॅप्सूल लागेल काय?

तिसरी_गल्ली | ५ जुलै, सकाळी ८:१०

भाऊ, धागा सगळ्यांचा आहे. तुमचं बहुतेक ऑइलमुळं असेल. मशीनवरचं कटिंग ऑइल पँटमधून झिरपून मांडीला लागत राहतं आणि छिद्रं बुजतात. माझ्या सासऱ्यांना गोकुळ शिरगावला असताना तसंच व्हायचं. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं: तेल लागलेले कपडे शिफ्ट संपेपर्यंत अंगावर ठेवायचे नाहीत, रबरी एप्रन घालायचा, तेलाचं फडकं खिशात ठेवायचं नाही, अंघोळ घरी येऊन नाही, कंपनीतच करायची. कॅप्सूल लागली नाही. पण दाखवून या, आणि काम काय करता ते डॉक्टरांना आधी सांगा.

शिरोलीचा_फिटर | ५ जुलै, दुपारी १२:३५

फडकं खिशातच असतं, गेली बारा वर्षं. धन्यवाद ताई.

मोगरा_३४ | ९ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सिस्टर, तुमची पोस्ट मी यांना आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘म्हणजे नंतर चालतंय.’

चिंच_बोरं, पाळी नियमित आहे, तरी डॉक्टरांना विचारलं. हार्मोन्स बघितले, नॉर्मल आहेत. त्यांनी हिशेब समजावला. एका किलोमागं एकूण १२० मिलिग्रॅम तरी पोटात जायला हवं, म्हणजे परत उलटण्याची शक्यता कमी होते. माझं वजन ५८, म्हणजे ६९६०. रोज २० नं गेलं तर ३४८ दिवस, जवळजवळ वर्ष. सोसलं तर महिन्यानं ३० करू म्हणाल्या, मग आठ महिन्यांत संपेल. बाळ दिवाळीनंतरऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. आम्ही दोघांनी रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारत हे ठरवलं. ते म्हणाले, सहा वर्षं थांबलीस, सहा महिने मी थांबतो.

रस्स्याबद्दलही विचारलं. तिखटानं पिंपल्स येतात याला फारसा आधार नाही म्हणाल्या. साखर, मैदा आणि काहींना दूध यांचा थोडा संबंध दिसतो. गंगावेशीत कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध प्यायची सवय आहे, ती महिनाभर सोडून बघणार आहे. आणि गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुवायचा, मी आठवड्यातून एकदा धुवायचे. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही.

रिपोर्ट ठीक, टेस्ट निगेटिव्ह. १२ तारखेला पहिली.

तालमीतला | २० जुलै, रात्री ११:०५

वय २४. जिमच्या माणसानं शरीरासाठी म्हणून इंजेक्शनं दिली होती. चार महिन्यांत पाठ आणि छाती मोठ्या फोडांनी भरली, शर्टाला रक्त लागतं. ही कॅप्सूल मित्राकडून आणून घेतली तर?

मेडिकलचा_काउंटर | २१ जुलै, सकाळी ८:४०

नको भावा. ती इंजेक्शनं ॲनाबॉलिक स्टिरॉइडची असतील, फोड त्यांचेच आहेत. ती यकृत आणि चरबी दोन्हींवर ताण टाकतात, आणि वर परस्पर आयसोट्रेटिनॉइन म्हणजे त्याच यकृतावर आणखी भार. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, स्किनच्या ओपीडीत केस पेपर काढ आणि इंजेक्शनाचं खरं सांग. डॉक्टर कुणाला नाव सांगणार नाहीत. अचानक बंद करायचं की कसं, तेही त्यांना विचार.

मोगरा_३४ | १४ ऑगस्ट, रात्री १०:२०

महिना झाला. तिसरी_गल्ली, तू सांगितलं नसतंस तर मी सोडलं असतं. तिसऱ्या आठवड्यात एकाच वेळी नऊ उठल्या. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, भाकरीचा घास घेताना झोंबतं. बाहेर धो धो पाऊस आणि माझी कातडी वैशाखातल्यासारखी. रिपोर्ट बरे आहेत, डोस ३० झाला.

एक विचारते. दोन-तीन दिवस उगाच उदास वाटलं. औषधानं की पिंपल्सनं, कळत नाही.

पाळणा_आणि_पट्टी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:००

मोठ्या अभ्यासांमध्ये सरसकट धोका वाढलेला दिसत नाही, पण एखाद्या माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणून ते अंगावर काढायचं नाही. घरात एकाला सांगून ठेव की माझ्याकडं लक्ष दे. झोप उडाली, रडू आवरेना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. आणि नऊ फोड घेऊन वर्गात उभं राहणाऱ्या बाईला उदास वाटलं तर तेही साहजिक आहे गं.

मोगरा_३४ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

उदासी आठवड्यात गेली, परत आली नाही. यांना सांगून ठेवलं होतं, ते रोज विचारायचे.

ट्रायग्लिसराइड १३० वरून २१० झालं होतं. तळलेलं कमी केलं, आता १७०. नवरात्राच्या उपासात प्रश्न पडला की कॅप्सूल कशासोबत घ्यायची. दाण्याची आमटी आणि वरी, वर दाण्याचा लाडू. डॉक्टर म्हणाल्या चालेल.

सप्टेंबरच्या पाळीला एकच आली. या पाळीला एकही नाही. अंबाबाईच्या रांगेत दोन तास उन्हात उभी होते, सनस्क्रीन लावूनही गाल भाजल्यासारखे लाल झाले. यावर असताना उन्हात छत्री हवीच.

पन्हाळ्याची_वाट | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

मोगरा, मनापासून आनंद झाला. बहिणीला धागा दाखवला. ती आता चिंच_बोरं यांनी सांगितलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणार आहे.

शिरोलीचा_फिटर | २ डिसेंबर, सकाळी ६:३०

एप्रन घेतला, फडकं बाहेर ठेवतो, शिफ्ट सुटल्यावर तिथंच अंघोळ. सोबत डॉक्टरांनी अडापालिन दिलं. मांड्या साफ. साहेबांना सांगून बाकीच्या आठ जणांसाठीपण एप्रन मागवले.

मोगरा_३४ | १६ मार्च, रात्री १०:०५

आज शेवटची कॅप्सूल घेतली. मध्ये प्रवासात सहा दिवस चुकले होते, म्हणून ठरल्यापेक्षा सहा दिवस उशीर.

काळे डाग बरेच फिके झालेत. उजव्या गालावरचे खड्डे आहेत तसेच आहेत. त्यांचं काय करायचं ते डॉक्टर नंतर बघू म्हणाल्या, आणि मला आत्ता घाई नाही. परवा कुणीतरी वर्गाचा फोटो काढला, मी मान वळवली नाही.

कॅलेंडरवर १७ एप्रिलला गोल केलाय. सिस्टर, तोपर्यंत आणखी काही करायचं?

पाळणा_आणि_पट्टी | १७ मार्च, सकाळी ६:५५

गर्भनिरोधन त्या तारखेपर्यंत एक दिवसही ढिलं नको. फॉलिक ॲसिड आजच डॉक्टरांना विचारून सुरू कर, दिवस राहायच्या आधीपासून लागतं. पण नुसतं फॉलिक ॲसिड. अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी नको. अडापालिनची जुनी ट्यूब कपाटात असेल तर तीही आता बाजूला काढ.

मोगरा_३४ | १७ मार्च, सकाळी ७:१०

काढली.